गाडीच्या कमानीची कथा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. गाडीची कमान ही लोहाराच्या भात्यापाशीं किंवा गॅरेजच्या अंगणांत बोलावयाची गोष्ट. तिची कथा सांगावयास एका निवृत्त शाळामास्तरानें कां यावें, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर एवढेंच कीं, या कथेचें अज्ञान गेल्या पावसाळ्यांत मला व माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास फार महागांत पडणार होतें. तो प्रसंग आधीं सांगतों, म्हणजे पुढचा इतिहास कशासाठीं हें आपल्या ध्यानांत येईल.

आमचें बदनापूर जालन्याहून छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. या रस्त्याच्या कडेला माझ्या विद्यार्थ्याचें मोटारदुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. वर्गांत त्याला पाढे कधीं धड आले नाहींत. परंतु यंत्राचा आवाज ऐकून त्याचें दुखणें ओळखण्याची विद्या त्याला उपजत आहे. कांहीं वर्षें पैसा साठवून त्यानें दोन दारांची एक जुनी 'स्टँडर्ड हेरल्ड' विकत घेतली. ही गाडी १९६१ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. विलायतेंत तिचें मूळ नांव 'ट्रायम्फ हेरल्ड', आणि 'ट्रायम्फ स्पिटफायर' ही दोन आसनांची प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कार तिच्याच सांगाड्यावरून १९६२ सालीं निघाली. तेव्हां हेरल्डला गरिबाची स्पोर्ट्‌स कार म्हटलें तरी चालेल.

गाडीचें वरचें रूप देखणें, पण खालची बाजू पार झिजलेली. मागचा भाग बसलेला, चाकें तिरपीं, आणि खड्ड्यांतून गेली कीं बराच वेळ ती होडीसारखी डुलत राही. शहरांतल्या एका दुकानदारानें खालचें सारें सामान परदेशांतून मागवून बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो ऐकून बिचारा विद्यार्थी माझ्याकडे आला. "सर, एवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल. काय करूं?" मीं मास्तरकीच्या थाटांत सांगितलें, "अरे, आपल्याकडे ट्रकला करतात तसें कर. मागें एक पाटा वाढव, कमान कडक होईल." त्यालाही तें पटलें. पाटा वाढविला, गाडी मागून चांगली चार बोटें वर उचलली गेली, आणि आम्ही दोघेही खूष झालों.

आठ दिवसांनीं पावसाची सर येऊन गेल्यावर आम्ही दोघे जालन्याकडे निघालों होतों. एका वळणावर समोर बैलगाडी दिसली म्हणून त्यानें वेग कमी करण्यासाठीं पाय उचलला मात्र, तोंच गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर फेंकला गेला आणि आम्ही गर्रकन् फिरून बदनापुराकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला उभे राहिलों. समोरून ट्रक येत नव्हता, एवढेंच आमचें सुदैव. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मग तो हलकेच म्हणाला, "सर, पाटा वाढविल्यावर गाडी बळकट व्हायला पाहिजे होती ना?" या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मी दोनतीनशें वर्षें मागें गेलों.

आपल्या जुन्या बैलगाडीला कमान नसे. आंसावर साटा, साट्यावर माणूस, आणि चाकाला लोखंडी धाव. रस्त्याचा प्रत्येक दगड प्रवाशाच्या मणक्यापर्यंत थेट पोंचे. तरीही तें निभावे, कारण बैलाची चाल मंद. धक्क्याचा जोर वेगाबरोबर वाढतो. म्हणून मनुष्याला जसजशी घाई झाली, तसतशी त्याला कमानीची गरज भासूं लागली. आपल्याकडे टांग्याला कमानी आल्या त्या याच कारणानें, कारण घोडा दौडूं लागला म्हणजे कमानीवांचून माणूस टिकत नाहीं.

कमानीच्या पाठीमागचें शास्त्र रॉबर्ट हूक या इंग्रज पंडितानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा नियम सोपा आहे. लवचीक वस्तूवर जितका भार द्यावा तितक्या प्रमाणांत ती ताणते किंवा दबते. भार दुप्पट तर दबणेंही दुप्पट, आणि भार काढला कीं ती पूर्ववत्. मात्र हें एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली कीं लोखंड वांकतें तें वांकलेलेंच राहतें. आमच्या जालन्याच्या गिरण्यांतून घरबांधणीच्या सळया निघतात. त्यांतली एक गुडघ्यावर घेऊन वांकविली तर ती तशीच राहील. कमानीचें पोलाद वेगळें. त्यांत कर्बाचें प्रमाण अधिक, शिवाय सिलिकन किंवा मँगनीज यांची जोड, आणि वर योग्य पाणी दिलेलें. त्यामुळें तें पुष्कळ वांकूनही परत मूळ जागीं येतें. कमानीची सारी किंमत या परत येण्यांत आहे.

पुढची पायरी लंडनच्या ओबाडाया इलियट या बग्गी बनविणाऱ्या कारागिराची. त्यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें. तोंवर बग्गीच्या खालून पुढच्या आंसापासून मागच्या आंसापर्यंत एक जाड, अवजड तुळई घालावी लागे. इलियटच्या कमानी थेट आंसावर बसूं लागल्या व त्या तुळईची गरजच उरली नाहीं. गाडी हलकी झाली आणि आरामशीरही झाली. ही सुधारणा कांहीं वाढवून झाली नाहीं, काढून टाकून झाली, हें आपण लक्षांत ठेवावें. कारण या कथेंत तोच धडा पुन्हां येणार आहे.

कमान एकाच जाड पाट्याची न करतां एकावर एक अनेक पातळ पाटे कां रचतात, तेंही येथेंच सांगतों. जाड पाटा वांकविला कीं त्याच्या पृष्ठभागावर फार ताण येऊन तो तडकतो. तितकाच भार पातळ पाट्यांत वांटून दिला तर प्रत्येकजण आपापला वांटा उचलतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणानें डुलणें थोडेंफार आपोआप थांबतें. पण त्याच फटींत माती व गंज शिरला म्हणजे पाटे एकमेकांस चिकटून बसतात, आणि कमान असून नसल्यासारखी होते. जुन्या गाडींत असें नेहमीं आढळतें.

मोटारगाडी आली आणि वेगाचा प्रश्न दसपट झाला. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेली रबरी धाव केली. तिनें लहानसहान धक्के चाकांतच जिरविले. पण मोठ्या धक्क्यानंतर कमान वर-खालीं नाचत राही, तिला आवरणार कोण? विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें त्रुफो यानें घर्षणाच्या चकत्या बसवून तें डुलणें आंवरलें, आणि पुढें तेलाच्या नळकांड्यांचीं साधनें निघालीं. त्यांनाच आपण 'शॉक-अ‍ॅब्सॉर्बर' किंवा गॅरेजच्या भाषेंत 'शॉकअप' म्हणतों. खरें पाहतां हें नांव चुकीचें आहे. धक्का झेलते ती कमान. शॉकअप धक्क्यानंतरची थरथर शमवितो. एक रागीट माणूस आणि त्याला शांत करणारा मित्र, असें हें जोडपें आहे. मित्र थकला म्हणून रागीट माणसाला आणखी बलदंड केल्यानें शांतता कशी होणार?

इटलींत लान्सिया कारखान्यानें १९२२ सालीं 'लाम्ब्डा' गाडीचीं पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांपासून स्वतंत्र केलीं. एका चाकाखालीं दगड आला तर दुसऱ्यानें त्याची शिक्षा भोगूं नये, हें त्यांतलें तत्त्व. अमेरिकेंत मॉरिस ऑली या अभियंत्यानें १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत याहूनही मोलाचा शोध लावला. तोंवर समजूत अशी कीं, पुढच्या कमानी कडक हव्यात. ऑलीनें वजनें इकडून तिकडे हलवितां येणारी एक खास मोटार करून प्रयोग केले, आणि दाखविलें कीं पुढच्या कमानी मागच्यांपेक्षां मऊ असल्या म्हणजेच गाडी सरळ आणि शांत चालते. शरीराला सोसवणारें डुलणें मिनिटाला साठ ते नव्वद वेळां, म्हणजे साधारण आपल्या चालण्याच्या तालाचें असतें, असेंही पुढें मान्य झालें. कडकपणा म्हणजे बळकटी, हा समज तेव्हांच मोडीत निघावयास हवा होता.

तो आपल्याकडे मोडला नाहीं, यालाही कारण आहे. हिंदुस्थानांत मोटारी वाढल्या, परंतु रस्ते मागें राहिले. रस्त्यांच्या चौकशीसाठीं १९२७ सालीं सरकारनें जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशीवरून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते निधि स्थापन झाला. आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या अंमलांत. तेथें १९३२ च्या जून महिन्यांत संस्थानी रेल्वेच्या रस्तेवाहतूक शाखेनें सत्तावीस बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. बस काय किंवा पुढें आलेला ट्रक काय, यांचा मागचा आंस एकसंध, त्याखालीं जाड कमान, आणि वर क्षमतेहून अधिक बोजा. अशा गाडीची कमान बसली कीं एक पाटा वाढवावा, हाच खरा इलाज. आणि तो करणारे कमान-पाटेवाले कारागीर गांवोगांव तयार झाले. त्यांची विद्या खोटी नव्हती. ती एका जातीच्या गाडीची विद्या होती, एवढेंच.

सोलापूरच्या मातींत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जी फियाट व पुढें 'पद्मिनी' बाहेर पडली, तिची रचना मोठी शहाणपणाची. पुढें स्वतंत्र चाकें व मळसूत्री कमानी, मागें मात्र एकसंध आंस आणि साध्या पाट्यांच्या कमानी. म्हणून तिची मागची बाजू कोणत्याही खेड्यांतील लोहाराला कळे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती अखेर २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां कित्येकांचे डोळे पाणावले.

हेरल्डचें तसें नव्हतें. तिचा मागचा आंस मधोमध दुभंगलेला. दोन्ही अर्ध्या आंसांचीं आंतलीं टोकें मधल्या पेटीला बिजागरीसारखीं जोडलेलीं, आणि बाहेरच्या टोकांना चाकें पक्कीं. वरून एकच आडवी कमान दोन्ही चाकांना सांभाळते. पक्ष्यानें पंख पसरावे तशी ही रचना. ती एडमंड रुम्पलर यानें १९०३ मध्यें पेटंट केली, आणि पुढें जर्मनीच्या फोक्सवॅगनपासून अनेक गाड्यांत आली. तींत गुण पुष्कळ, पण एक दोष मोठा. गाडीचें अंग वर उचललें गेलें कीं पंखांचीं टोकें खालीं झुकतात, चाकांच्या तळव्या आंत वळतात, आणि गाडी चाकांच्या बाहेरच्या कडांवर उभी राहते. अशा वेळीं वळणावर रस्त्याचा आडवा दाब चाकाला आणखी आंत ढकलतो आणि पकड एकाएकीं सुटते. चालकानें वळणावर पाय उचलला तर भार पुढें जाऊन मागची बाजू आणखी वर उठते. आतां आपल्या ध्यानांत आलें असेल कीं आम्हीं काय केलें होतें. एक पाटा वाढवून आम्हीं ती गाडी कायमची वर उचलून ठेविली, म्हणजे अपघाताची निम्मी वाट आधींच चालून ठेविली!

हा दोष जगाला ठाऊक झाला तो अमेरिकेंतील 'कॉर्व्हेर' मोटारीमुळें. राल्फ नेडर यांनीं १९६५ सालीं आपल्या ग्रंथांत तिच्या मागच्या चाकांवर कडाडून टीका केली. पुढें १९७२ मधील सरकारी चौकशींत ती त्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोक्याची नाहीं असें ठरलें, तरी त्या टीकेंतून मोटारींच्या सुरक्षिततेविषयीं कायदे करण्याची चळवळ उभी राहिली हें खरें.

ट्रायम्फ कारखान्यानें काय केलें तें आमच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. १९७० सालच्या नव्या स्पिटफायरमध्यें त्यानें रचना मुळापासून बदलली नाहीं, तेवढा पैसाही त्याच्यापाशीं नव्हता. त्यानें आडव्या कमानीचा एकच पाटा पेटीला पक्का बांधला व बाकीचे मध्यावर झुलते ठेविले. त्यामुळें वळणावर मागची कमान मऊ राहिली, आणि तिच्या भरपाईसाठीं पुढची पीळ खाणारी आडवी दांडी जाड केली. गाडी स्थिर झाली. पहा, येथेंही सुधारणा बांधून झाली नाहीं, सोडून झाली. इलियटनें तुळई काढली, ऑलीनें पुढचा कडकपणा काढला, ट्रायम्फनें पाट्यांचें बंधन काढलें. आणि आपल्याकडे? आपल्या गिऱ्हाइकांचा व कारागिरांचा त्या पंखी आंसावर विश्वास बसेना, म्हणून मद्रासच्या कारखान्यानें १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं 'गॅझेल' नांवाची गाडी काढतांना मागें पुन्हां एकसंध आंस घातला. जुन्या विद्येला नवी गाडी समजली नाहीं, तेव्हां गाडीलाच जुनें व्हावें लागलें.

इतकें वाचून झाल्यावर मी विद्यार्थ्याकडे गेलों आणि म्हणालों, "बाबा, माझें उत्तर चुकलें होतें. आतां आपण दोघे मिळून गणित पुन्हां मांडूं." तो हंसला व म्हणाला, "सर, फळ्यावर नको, गाडीखालींच या." आम्हीं सामानाची यादी किमतीवरून न करतां कामावरून केली: भार पेलणारे भाग कोणते, थरथर शमविणारे कोणते, आणि चाकाला वाट दाखविणारे कोणते.

प्रथम वाढविलेला पाटा काढला. कमान उतरवून पाटे सुटे केले, गंज घांसून काढला. एकाही पाट्याला तडा नव्हता. जालन्याच्या एका वृद्ध कारागिरानें बसलेले पाटे तापवून मूळच्या बांकाएवढेच वळविले, तेलांत पाणी दिलें व पुन्हां बेतानें तापवून त्यांचा ठिसूळपणा घालविला. मूळच्या बांकाहून एक सूतही अधिक नको, असें त्याला तीन वेळां सांगावें लागलें. कारण त्याच्या सगळ्या हयातींत गिऱ्हाईक "जरा जास्त उचला" असेंच म्हणत आलें होतें. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून गवंड्याच्या ओळंब्यानें चाकांचा तिरपेपणा पाहिला. चाकांचे माथे किंचित् आंत झुकलेले असावेत, बाहेर मुळींच नसावेत.

दुसरें, शॉकअप. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर तिनें एकदां वर येऊन स्थिर व्हावें. आमची चारपांच वेळां नाचे. चारही शॉकअप मेलेले होते. १९६१ सालीं मुंबईंत गॅब्रिएल कंपनी निघाली तेव्हांपासून हें साधन आपल्या देशांत होऊं लागलें आहे. मापें जुळवून देशी माल मिळाला, परदेशाचें नांवही काढावें लागलें नाहीं. तिसरें, सांध्यांतील रबरी बुश. चाळीस-पन्नास वर्षांत रबर दगडासारखें होऊन भेगाळलें होतें, आणि चाक आपली वाट सोडून हवें तिकडे हालत होतें. हे बुश सर्वांत स्वस्त, आणि गाडींत सर्वांत मोठा फरक त्यांनींच पाडला.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. हेरल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला पितळी बैठकींत आट्यांनीं फिरतो. तेथें घट्ट ग्रीस भरूं नये, गिअरचें जाड तेल घालावें, असें कारखान्याचें सांगणें होतें. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोंचत नाहीं. पाणी मात्र शिरतें, दांडा गंजतो, आणि एके दिवशीं मोडून चाक कोलमडतें. आम्हीं उघडून पाहिलें तों आंत वाळलेलें ग्रीस आणि लाल गंज. तो भाग मात्र आम्हीं नवा घेतला. तेथें काटकसर केली नाहीं. काटकसर आणि कंजुषी यांत अंतर आहे, व तें अंतर कधीं कधीं जिवाएवढें असतें. सारा खर्च मिळून शहरांतल्या दुकानदारानें सांगितलेल्या रकमेचा पांचवा हिस्साही झाला नाहीं.

दसऱ्याला आम्ही त्याच वळणावरून गेलों. तो बेतानें चालवीत होता. वळणाच्या मध्यावर त्यानें पाय उचलला नाहीं. आधींच वेग उतरवून घेतला होता, कारण दुरुस्त झाली तरी गाडी जातीची तीच आहे, हें त्याला आतां कळलें होतें. हेरल्ड शांतपणें वळली. मी कांहीं बोललों नाहीं. तोही बोलला नाहीं.

श्रोतेहो, जुनी वस्तु दुरुस्त करावयास घेतली म्हणजे तिला अधिक कडक, अधिक जाड करण्याचा मोह होतो. पण ज्यानें ती प्रथम घडविली, त्यानें कोणता भाग कशासाठीं ठेविला, हें आधीं समजून घ्यावें; मग पैसा थोडा लागतो, आणि जीवही धोक्यांत येत नाहीं. चाळीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला, आणि तो कशाला शिकावयाचा असें पुष्कळांनीं विचारलें. त्याचें एक उत्तर मला साठी उलटल्यावर, बदनापुराजवळच्या ओल्या रस्त्यावर मिळालें.